टेकडीवर गेलेले आणि खाली राहिलेली

देवदान महाराज बोरटेकला येऊन राहिले, त्या वर्षी तिथल्या ख्रिस्ती वस्तीत माणसे एकमेकांच्या घरचे पाणीही पीत नव्हती. हे महाराजांच्या कानावर गेले होते, आणि म्हणूनच ते आले होते. खांद्यावर काळे घोंगडे, हातात चिपळ्या, गळ्यात लाकडी क्रूस आणि ओठांवर प्रभू येशूची भजने, एवढाच त्यांचा संसार. चर्चच्या आवारात चिंचेखाली त्यांनी मुक्काम टाकला. आसपासच्या गावांतले सगळ्या जातीधर्मांचे लोक त्यांना महाराज म्हणत. वस्तीतली काही माणसे बाबाही म्हणत.

वस्तीतले भांडण बांधाचे नव्हते की पाटाच्या पाण्याचे नव्हते. ते प्रभूच्या येण्याचे होते. प्रभू पुन्हा येणार हे सगळ्यांनाच मान्य, पण कसा आणि केव्हा? नाथन कसोटे गुरुजी म्हणत, तो सदेह येणार, मेघांवर बसून येणार, आणि तो दिवस शास्त्रातल्या आकड्यांवरून काढता येतो. मळ्यातले फिलिप्पदादा पाटोळे म्हणत, प्रभू आकाशातून उतरायचा नाही, विश्वासणाऱ्याच्या मनात आत्म्याने येतो तेच त्याचे येणे, बाकी ढगबिग ही सारी उपमा. पहिल्यांना गावाने नाव ठेवले ढगवाले, दुसऱ्यांना मनवाले. रविवारी एक गट उपासना करून बाहेर पडला की दुसरा गट आधी जमीन झाडून घेई आणि मगच आत बसे.

या दोन्हींत न बसणारी एकच बाई वस्तीत होती, सगुणाबाई साळवे. दुसऱ्यांचे दळण दळून, बाळंतिणींची न्हाणी करून ती पोट भरी. तिला अक्षर येत नव्हते. पण दोन्ही गटांविषयी तिच्या मनात जो राग होता, तो काही वाचून आलेला नव्हता.

तिचा नवरा लुकास वारला, तेव्हा त्याच्या मातीवर कोणते शब्द म्हणायचे यावरून कबरस्तानातच जुंपली. कसोटे गुरुजी म्हणाले, "लुकास प्रभूच्या येण्याची वाट पाहत निजला आहे." फिलिप्पदादा म्हणाले, "निजला कसा? तो प्रभूपाशी पोचला आहे." दुपारी बारा वाजता खड्ड्याच्या काठावर ठेवलेली पेटी दिवस मावळला तरी तिथेच होती. पेटीला मुंग्या लागल्या. शेवटी सगुणाबाईने दोन माणसांच्या हातापाया पडून पेटी खाली सोडली आणि स्वतःच्या ओंजळींनी माती लोटली. भांडणारे तेव्हाही भांडतच होते. त्या दिवसापासून ती कुणाच्याच उपासनेला गेली नाही. महाराज चिंचेखाली भजन म्हणत, तेव्हा मात्र ती भजन ऐकू येईल इतक्या जवळ, आवाराच्या कडेपर्यंत जाते ओढून बसे.

त्या वैशाखात कसोटे गुरुजींनी चर्चच्या भिंतीवर एक मोठे कापड टांगले. त्यावर सात डोक्यांचा पशू रंगवला होता, खाली आकड्यांच्या रांगा होत्या. छडी फिरवीत गुरुजी म्हणाले, "या महिन्याचा तिसरा शुक्रवार. दुपारचे तीन. प्रभू भैरोबाच्या टेकडीसमोर मेघांत प्रगट होईल. धुतलेले पांढरे कपडे घालून सगळ्यांनी वर चला. मागे काही ठेवू नका, कारण मागे येणे नाही."

लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, भांडी वाटून टाकली, बियाणे दळून खाल्ले. सगुणाबाई सभेत उभी राहिली. "गुरुजी, तुमच्या आईचं अर्धं अंग गेलंय. एस्तेरआजीला टेकडी कशी चढवणार?"

"प्रभू तिला बाजेवरून उचलील," गुरुजी म्हणाले.

"आणि त्यानं उचलेपर्यंत तिला पाणी कोण पाजणार?"

गुरुजी हसले. "सगुणाबाई, दोघी दळत बसतील, त्यांतली एक घेतली जाईल आणि एक राहील, असं प्रभूनंच सांगून ठेवलंय. तुम्ही जन्मभर दळतच आलात. कोण राहणार हे आम्ही काय सांगावं?"

सभा खो खो हसली. बाहेर दारापाशी फिलिप्पदादा आणि त्यांचे मनवालेही ऐकत उभे होते, तेही हसले. त्यांनीही त्या शुक्रवारचा बेत ठरवला होता. टेकडीच्या पायथ्याशी जमायचे, आणि तीन वाजून गेले की खाली उतरणाऱ्या पांढऱ्या कपड्यांची हुर्यो करायची.

सगुणाबाई तडक चिंचेखाली आली.

"बाबा, यांच्यातलं खरं कोण ते एकदा सांगून टाका. तुमचं दोघंही ऐकतील."

"ऐकत नाहीत, बाई," महाराज म्हणाले. "नाथनला मी म्हणालो, ती घटका पुत्रालासुद्धा सांगितलेली नाही, तुला कुठून कळली? तो म्हणाला, महाराज अडाणी आहेत. फिलिप्पाला म्हणालो, प्रभू तुझ्या मनात आलाय ना, मग तुझी सून सलोमी नऊ दिवसांची बाळंतीण, तापानं फणफणलीय, तिच्या खोलीत तू एकदा तरी डोकावलास का? तो म्हणाला, ते बायकांचं काम." महाराजांचा आवाज थरथरला. सगुणाबाईने त्यांना असे कधी पाहिले नव्हते. "मला राग येतो, सगुणा. इतका येतो की प्रार्थनेला बसलो तर शब्द सुचत नाहीत."

"मग करणार काय?"

"टेकडीवर जाणार."

सगुणाबाई संतापली. "तुम्हीपण?"

"तीन वाजून गेल्यावर ती माणसं काय करतील? कोणी कड्यावरून स्वतःला खाली झोकून देईल, कोणी नाथनलाच फाडून खाईल. तिथं एक तरी माणूस शुद्धीवर असलेलं पाहिजे."

"आणि खाली कोण?"

"खाली तू आहेस."

"म्हंजी नुसतं बसायचं काम तुम्ही घेतलं," ती म्हणाली, आणि पाया न पडताच निघून गेली. महाराज तिच्या पाठीकडे पाहत राहिले. त्यांनी तिला काही दोष दिला नाही.

शुक्रवारी सकाळी वस्ती रिकामी झाली. पांढऱ्या कपड्यांची रांग गात गात टेकडीकडे गेली. मागोमाग मनवाले शिट्ट्या वाजवीत गेले. सगळ्यांच्या शेवटी घोंगडे पांघरलेले महाराज होते. गुरुजी आईच्या बाजेपाशी घटकाभर थांबले. "आई, आज भेट होईल. वर."

"होईल बाबा," एस्तेरआजी एका बाजूने ओढलेल्या तोंडाने म्हणाली, "पण तेवढा तांब्या उशाशी सरकव."

गुरुजी घाईत होते. तांब्या सगुणाबाईने सरकवला.

दुपारपर्यंत ती या घरातून त्या घरात फिरत राहिली. आजीला पेज पाजली, सलोमीच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, बाळाला न्हाऊ घातले. वारा सुटला होता आणि ऊन असे की कुत्रीही पाणवठ्यावर जाऊन पडली होती. अडीचच्या सुमाराला तिला धुराचा वास आला. परत यायचेच नाही म्हणून कुणी चुली विझवायची तसदी घेतली नव्हती. कुठल्याशा चुलीतली ठिणगी वाऱ्याने पाचटाच्या छपरावर गेली, आणि पाहता पाहता एका घरावरून दुसऱ्यावर आग उड्या मारीत आली.

सगुणाबाईने आधी बाळ पदरात बांधले आणि सलोमीला खांद्याचा आधार देत चर्चच्या दगडी ओट्यावर आणून निजवले. मग ती गुरुजींच्या घराकडे धावली. छपराची एक बाजू पेटली होती. आजी बाजेवर टक्क जागी होती.

"मला राहू दे गं," ती म्हणाली. "तुझ्याच्यानं नाही उचलायची."

सगुणाबाईने बाजेचा माथा धरून ओढला. बाजेचे पाय उंबऱ्याला अडकले. तिने पुन्हा ओढला. बाज हलेना. ती दारात येऊन जिवाच्या आकांताने ओरडली, पण ऐकायला होते कोण? सगळे गाव देवाची वाट पाहायला आणि वाट पाहणाऱ्यांना हसायला गेले होते. तेव्हा तिच्या मनातला सगळा राग, नवऱ्याच्या पेटीपासूनचा, वर आला. ती आढ्याकडे तोंड करून म्हणाली, "येणार येणार म्हणून माझ्या माणसाची माती खोळंबवलीत. आता या. ढगात बसून या नाहीतर मनातून या, मला त्याचं काही नाही. हिचा जीव चाललाय, पाय उचलायला एक माणूस पाहिजे."

एवढे बोलून तिने पुन्हा माथा धरला, आणि बाजेचे पायते उचलले गेले.

धुरात तिला आधी घोंगडे दिसले, मग गळ्यातला क्रूस. महाराज होते. तेवढ्यात दाराच्या चौकटीवरचे जळते लाकूड सुटून खाली आले, ते त्यांनी उघड्या तळव्यांनी वरच्या वर पेलले आणि बाजूला लोटून दिले. पुन्हा बाज धरली. "चल सगुणा," म्हणाले. दोघांनी बाज चर्चच्या ओट्यापर्यंत आणली. सगुणाबाई पाण्याचा तांब्या भरून वळली, तो महाराज तिथे नव्हते.

टेकडीवर काय झाले ते तिला मागाहून दोन्ही गटांकडून कळले, आणि दोन्ही गटांनी ते सारखेच सांगितले. तीनला थोडा वेळ होता. माणसे हात वर करून आकाशाकडे पाहत होती. महाराज एका खडकावर, सगळ्यांच्या नजरेसमोर, डोळे मिटून बसले होते. एकाएकी ते कळवळले आणि दोन्ही हात छातीशी आवळून धरले. कसोटे गुरुजी म्हणाले, "महाराजांना आता सोंगं सुचू लागली." महाराजांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "नाथन, खाली बघ." वस्तीवर धुराचा लोट उठला होता. तेव्हा कुठे वर केलेले हात खाली आले, आणि पांढरे कपडे आणि शिट्ट्या वाजवणारे एकाच वाटेने धावत सुटले.

गुरुजी सगळ्यांत पुढे होते. आपल्या घराच्या जागी नुसत्या भिंती पाहून ते मटकन खाली बसले आणि "आई, आई" करू लागले. सगुणाबाई ओट्यावरून म्हणाली, "इकडं आहे तुमची आई. महाराजांनी आणली."

फिलिप्पदादा सुनेजवळ आणि नातवाजवळ उभे होते. ते दबल्या आवाजात म्हणाले, "काहीतरी बोलू नको. महाराज वर होते. मी स्वतः पाहत होतो."

"मी काय आंधळी आहे?" सगुणाबाई म्हणाली.

"दोनशे माणसं साक्षीला आहेत," गुरुजी म्हणाले. "खडकावरून ते हललेही नाहीत."

तोवर म्हातारे महाराज काठी टेकीत टेकीत सावकाश आवारात आले. काठी त्यांनी काखेत दाबून धरली होती. गुरुजींनी पुढे होऊन त्यांचे हात उघडले. दोन्ही तळवे बोटांपर्यंत भाजून फोडांनी भरले होते.

 गुरुजींचे ओठ हलत होते. शेवटी ते म्हणाले, "महाराज, म्हणजे तो आला होता. एवढं सांगा, देहाने आला की आत्म्याने?"

महाराजांचा चेहरा लाल झाला. "अजून तेच?" त्यांचा आवाज साऱ्या आवारात घुमला. "घरं जळाली, बाळंतीण होरपळता होरपळता राहिली, आणि तुला अजून तेच पडलंय? मी कुठंही गेलो नाही. मी खडकावर बसून इतकंच म्हणालो, प्रभू, खाली सगुणा एकटी आहे, तू जाच, लवकर जा. त्याला दोन हात हवे होते. तुमचे सगळ्यांचे आकाशाकडे नाहीतर टाळ्या पिटायला गुंतलेले. माझे रिकामे होते, ते त्यानं घेतले. बाकी मला विचारू नको. जिला उचललं तिला विचार."

गुरुजी आईच्या बाजेपाशी गेले. एस्तेरआजीने चांगला हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"मला शास्त्र कळत नाही रे," ती म्हणाली. "पण त्याला माझं ओझं झालं. बाज उचलताना कण्हला. तू लहान असताना तुझा बाप पाण्याची कावड खांद्यावर घेताना कण्हायचा, तसा. मला लाज वाटली. म्हटलं, एवढी जड मी. तर म्हणाला, असू दे."

ते ऐकले आणि नाथन कसोटे गुरुजी, ज्यांना शास्त्रातले सगळे आकडे तोंडपाठ होते, ते ढसाढसा रडू लागले. ते महाराजांच्या पायांवर कोसळायला गेले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथं नाही, नाथन. मी वर बसलो होतो. जी खाली राहिली ती तिकडं उभी आहे."

सगुणाबाई विहिरीवर होती. बाकीच्या घरांवर पाणी मारायला तिने दोर सोडला होता. गुरुजी तिच्यापाशी आले, आणि दोन्ही गटांच्या देखत त्या निरक्षर बाईच्या पायाशी त्यांनी कपाळ टेकले. त्यांच्या पाठोपाठ फिलिप्पदादाही आले आणि मान खाली घालून वाकले.

तिने त्यांना लगेच उठवले नाही. तिचा राग काही वाळूवरची रेघ नव्हता की एका वाऱ्याने पुसला जावा. ती घटकाभर त्या दोन वाकलेल्या पाठींकडे पाहत राहिली. चिंचेखालून महाराजही पाहत होते, पण मध्ये पडले नाहीत.

मग ती म्हणाली, "उठा. पलीकडच्या पडवीचं छप्पर अजून धुमसतंय. एकानं दोर ओढा, एकानं पाणी न्या."

गुरुजींनी दोर धरला. फिलिप्पदादांनी पोहरा उचलला. दिवस मावळेपर्यंत दोघांनी पाणी वाहिले, आणि त्या संध्याकाळी प्रभू केव्हा येणार याविषयी बोरटेकमध्ये कोणी अवाक्षर काढले नाही. ज्या प्रभूने आपल्या दासाचे हात उसने घेतले, तो आपलेही हात त्याच्या कामासाठी रिकामे ठेवो.