हरवलेलं लॉक

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि गावोगावी असतो तसा त्या गावातही एक सर्वज्ञ होता. त्याचं नाव दिगंबर, पण सगळे त्याला दिगू म्हणत. विहिरीवरची मोटार, घरातला मिक्सर, पिठाची गिरणी, काहीही बंद पडलं की दिगू पुढे. वस्तू दुरुस्त होईलच असं नव्हतं, पण ती का बंद पडली याचं व्याख्यान मात्र नक्की मिळायचं. हात चांगला होता त्याचा. तोंड हाताच्या पुढे धावायचं, एवढीच काय ती खोड.

त्याची धाकटी बहीण वैजयंता, म्हणजे वैजू. ती गावातल्या दूध संकलन केंद्रावर कामाला होती. बोलायची कमी. मातीच्या वाटेवर मोटारसायकल पळवणं हेच तिचं वेड. गावच्या यात्रेला मागच्या डोंगरावर गाड्यांची शर्यत व्हायची. आधी खडी चढण, मग वळणावळणाचा उतार, आणि उताराच्या कडेला ओढ्याची खोल घळ. मागच्या यात्रेत परगावच्या एका गड्याच्या गाडीचं इंजिन नेमकं त्याच उतारावर जाम झालं. मागचं चाक अडकलं आणि गडी उडून घळीत गेला. जिवानिशी वाचला, पण अजून काठी टेकत चालतो. सगळ्या गावाने ते पाहिलं होतं. दिगूने आणि वैजूनेही.

तरी यंदा वैजूला शर्यतीत उतरायचं होतं. साठवलेल्या पगारातून तिने शहरातून एक जुनी डर्टबाईक आणली. इंजिन जाम होतं, म्हणूनच ती परवडली. गॅरेजमध्ये द्यायची तर गाडीपेक्षा मजुरी जड. दिगूने छाती पुढे काढून सांगितलं की गॅरेजवाले नुसते लुटतात, हे इंजिन मी घरीच बांधतो. आणि ही गोष्ट त्याने घरात सांगून ठेवली असती तर बरं झालं असतं. त्याने ती पारावर जाऊन सांगितली.

ओसरीवर पोतं अंथरून काम सुरू झालं. आईची ताटं-वाट्या नटबोल्टांनी भरल्या आणि घरातली माणसं पत्रावळीवर जेवू लागली. सिलिंडर लेथवाल्याकडून घासून आणला. नवं बेअरिंग शेजारणीच्या फ्रिजमध्ये गार करत ठेवलं आणि इंजिनाची केस, म्हणजे बाहेरचं कवच, चुलीवर तापवली, म्हणजे बेअरिंग ठोकाठोकी न करता अलगद बसतं. त्या दिवशी भाकऱ्या उशिरा झाल्या, पण बेअरिंग असं बसलं की आईनेसुद्धा कौतुक केलं. पिस्टन आणि रिंगा नव्या घेतल्या. गॅस्केटचा, म्हणजे सांध्यांत बसणाऱ्या पातळ पुठ्ठ्यांचा, मात्र एकच संच परवडला. एकदा बसवून आवळलेलं गॅस्केट पुन्हा उघडलं की फाटतं, म्हणून सगळं पहिल्याच फटक्यात नीट जमायला हवं होतं.

आता एक बारीकशी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पिस्टन त्याच्या दांड्याला एका पिनेने जोडलेला असतो. ती पिन बाहेर सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना तारेची एकेक कडी बसवतात, नखाएवढी. तिला लॉक म्हणतात. हे लॉक बसवताना हातातून उडतं, आणि खाली इंजिनाचं तोंड उघडं असतं. म्हणून आधी त्या तोंडात फडकं कोंबायचं, असा नियम आहे.

दिगूला हा नियम चांगला पाठ होता. त्या सकाळी ओसरीवर जमलेल्या मंडळींना तो हाच नियम समजावून सांगत होता. हातातलं फडकं उंच धरून म्हणत होता की अडाणी मिस्त्री इथेच फसतो. मंडळी माना डोलवत होती. माना डोलताना पाहून दिगूला आणखी चढलं. बोलता बोलता त्याने फडकं खांद्यावर टाकलं, पकड उचलली आणि लॉक बसवायला घेतलं.

टिंग, असा आवाज आला. पकडीत लॉक नव्हतं.

मंडळींच्या काही लक्षात आलं नाही. दिगूने खाली पाहिलं, तर इंजिनाचं तोंड उघडं होतं आणि फडकं खांद्यावरच होतं. मंडळींना त्याने शांतपणे सांगितलं की आजचं काम इथपर्यंतच, आता चहाची वेळ झाली.

सगळे गेल्यावर त्याने ओसरी झाडली. अंगण झाडलं. केर आईच्या पिठाच्या चाळणीतून चाळून काढला. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून इंजिनाच्या पोटात सोडलं आणि पुन्हा पुन्हा फिरवलं. वर येताना ते रिकामंच आलं. पण पोटाच्या तळाशी, चाक फिरवणाऱ्या जड क्रँकच्या खाली, चुंबक पोचतच नव्हतं. तिथे खात्री करायची तर एकच उपाय होता. सगळं इंजिन पुन्हा खोलून त्याचे दोन अर्धे वेगळे करायचे. मग गॅस्केट फाटणार. नवं शहरातून यायला वेळ लागणार, आणि यात्रा तोंडावर आलेली. शिवाय पारावर काय सांगायचं?

दुकानदाराने एक लॉक जास्तीचं दिलं होतं. दिगूने ते बसवलं, या खेपेला फडकं कोंबून. मग सिलिंडर चढवला, त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, आवळलं. अंगणातच उडालं असणार, असं तो मनाशी म्हणत राहिला. अंगणात उडालं असेल तर काहीच बिघडत नव्हतं. आत पडलं असेल, तर आज ना उद्या ते पिस्टन आणि सिलिंडरच्या मधे येणार होतं. मग इंजिन जाम, चाक जाम, आणि घळ समोर. दिगूला हे दोन्ही माहीत होतं. त्याने सोयीचं तेवढं धरलं.

गाडी सुरू झाली तेव्हा अर्धं गाव अंगणात होतं. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं. लिंबू चिरडल्याने इंजिनात पडलेली वस्तू बाहेर येते असं काही नाही, पण दिगूने ते जरा जास्तच भक्तिभावाने ठेवलं. वैजूने वाकून त्याच्या पायांना हात लावला. दिगूला पाय मागे घ्यावेसे वाटले.

नवं बांधलेलं इंजिन आधी हळू चालवून रुळवावं लागतं. म्हणून वैजू रोज कामावरून सुटली की गाडी घेऊन डोंगराकडे जायची. ती गेली की दिगूचा जीव टांगणीला लागायचा. तो गल्लीच्या तोंडाशी कान देऊन उभा राहायचा. आवाज येत असला की आत काही खडखडतंय का ते ऐकायचा, आणि आवाज वळणाआड गेला की श्वास धरायचा. घरात चमचा पडला तरी तो दचकू लागला. अन्न गोड लागेना. आईला वाटलं, एवढ्या लोकांनी कौतुक केलं, पोराला दृष्टच लागली. तिने मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या तसा तो पाटावरून उठून उभा राहिला. रोज सकाळ-संध्याकाळ अंगण झाडणारा पुरुष पाहून शेजारणींनी आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण दिलं.

सांगून टाकावं असं त्याला वाटत नव्हतं असं नाही. एकदा जेवताना त्याने हाक मारली, वैजू म्हणून. तिने वर पाहिलं. त्याने ताक मागितलं. दुसऱ्या दिवशी तो नुसतं एवढंच म्हणाला की उतारावर जपून ये, घाई करू नको. वैजूला भरून आलं. दादा आपल्याला किती जपतो, असं तिने आईला सांगितलं. ते ऐकून दिगू घराबाहेर निघून गेला.

जसजसे दिवस जात होते तसतसं सांगणं अवघड होत होतं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर नुसती चूक झाली असती. आता इतके दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. भीती रोज थोडी वाढत होती आणि ती एकट्यानेच सांभाळायची होती.

यात्रेचा दिवस उजाडला. डोंगरावर भोंगे लागले, माणसांची दाटी झाली. वैजूने गुडघ्यांना पट्टे बांधले, हेल्मेट चढवलं आणि गाडी ओळीत आणली. दिगू शेजारी उभा होता. त्याची नजर घळीकडे जात होती आणि तो ती ओढून आणत होता. वैजू त्याच्याकडे वळली.

"दादा, आजपतूर मी हळूच चालवली. आज उतारावर फुल सोडू का? तू म्हणशील तसं."

हो म्हणायला एक क्षण पुरला असता. ओळीतल्या बाकीच्या गाड्या गुरगुरत होत्या, लोक आरडत होते, आणि पारावरची सगळी मंडळी पहिल्या रांगेत बसली होती. दिगूने गाडीचं हँडल धरलं.

"नको," तो म्हणाला. "बसूच नको. इंजिनात लॉक पडलंय, असं वाटतंय मला. बांधताना उडालं हुतं."

वैजूने गाडी बंद केली. हेल्मेट काढलं. कधी उडालं, एवढंच विचारलं. त्याने सांगितलं. दोघांनी गाडी ढकलत डोंगर उतरला. पारावरच्या मंडळींपैकी कुणीतरी हसलं, कुणीतरी मागून विचारलं की पेट्रोल संपलं का. दिगूने मान वर केली नाही. सगळ्या गावासमोर हसं होण्याची त्याने इतके दिवस धास्ती घेतली होती. ते प्रत्यक्षात झालं तेव्हा त्याचं तिकडे लक्षही नव्हतं.

घरी येऊन त्याने त्याच ओसरीवर इंजिन खोलायला घेतलं. वैजू समोर बसून पाहत होती. डोंगरावरून भोंग्याचा आवाज येत होता. वैजयंता यांनी त्वरित ओळीत हजर व्हावं, असं तो सांगत होता. थोड्या वेळाने पुन्हा सांगितलं, आणि मग तिचं नाव यायचं थांबलं. शर्यत सुटल्याचा गलका इथपर्यंत ऐकू आला.

केसचे दोन अर्धे वेगळे झाले. गॅस्केट फाटलं. दिगूने दोन्ही अर्धे पांढऱ्या धोतरावर उलटे करून झटकले. क्रँक फिरवून पाहिला. कोपरा न् कोपरा बोटाने चाचपला. लॉक आत नव्हतं. इंजिन धुतल्यासारखं स्वच्छ होतं. कुठेही ओरखडा नव्हता.

दिगूच्या छातीवरचा दगड उतरला. तो मोठ्याने हसला. डोळ्यांतून पाणी आलं इतका हसला. म्हणाला, बघ, नव्हतंच आत, अंगणातच उडालं, मी म्हणत नव्हतो का. उगाच जीव खाल्ला स्वतःचा. आज पळाली असतीस तर पहिली आली असतीस. एवढ्या दिवसांनी त्याचा जुना आवाज परत आला होता.

वैजू हसली नाही.

"दादा," ती म्हणाली, "ते आत न्हवतं, हे तुला आत्ता कळलं. मी रोज उतारावरनं येत हुते, तवा कुठं ठावं हुतं तुला?"

दिगूचं हसू थांबलं.

"मला सांगितलं असतंस तर बसायचं का न्हाई ते मी बघितलं असतं. एखादवेळेस बसलेही असते. पर जीव माझा हुता. ते तू एकट्यानंच ठरवून टाकलंस."

आत्ताच आपण निर्दोष सुटलो असं त्याला वाटलं होतं. पण ज्या गोष्टीचा हिशेब वैजू मागत होती ती इंजिनात नव्हती, आणि इंजिन खोलून ती सापडणारही नव्हती. रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी श्वास धरून उभा असलेला माणूस त्याला आठवला. त्या माणसाला धोका माहीत होता, आणि तो गप्प होता.

"चुकलो वैजू," तो खाली बघत म्हणाला.

वैजूने मान हलवली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. डोंगरावर कुणीतरी जिंकलं होतं. भोंगा दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारत होता.

तात्पर्य: शंका आपली आणि जीव दुसऱ्याचा, अशा वेळी गप्प बसणं हाच गुन्हा आहे. दैवाने काही वाईट घडलं नाही, म्हणून तो कमी होत नाही.