जलकन्येची हाक

“मशीनला विचारलेली क्वेरी बरोबर आहे माझी. मग एक होडी गेली कुठं, गुरुजी?”

असं विचारणारा निनाद शहरात शिकून आलेला. हात चलाख, मान ताठ.

तांडेलगुरुजी बंदराच्या खोलीत कॉम्प्युटर शिकवायचे. पण बोलणं मोजकं.

वादळ नुकतंच सरलेलं. कॉम्प्युटरात एका बाजूला बंदरातल्या साऱ्या होड्यांची नावं, दुसऱ्या बाजूला त्यांनी समुद्रातून धाडलेले निरोप. निरोप यायचा तो जेसन नावाच्या पाकिटात. निनादनं दोन्ही बाजू आउटर जॉइननं बांधल्या. म्हणजे कसं, निरोप नसला तरी होडीचं नाव राहावं. आणि वर शहाणपणा केला. खाली अट घातली, पाकीट उघडून बघ, आजचा निरोप असेल तीच होडी दाखव.

पडद्यावर सगळीकडं ‘सुखरूप’. ज्या होडीपुढं तसं नसेल, तिच्याच शोधाला बंदराची लाँच, म्हणजे मोटरबोट, सुटायची. आज लाँच धक्क्याला बांधलेलीच.

दारात चांगुणा उभी. “माझा पोरगा जलकन्येवर हाय रं. तिचं नावच दिसंना!”

“मशीन खोटं बोलत नाही, मावशी.”

“मग मी बोलतेय व्हय?”

गुरुजी उठले. निनादला धक्क्यावर घेऊन गेले.

वादळानंतर तिथल्या बाया एकेका होडीला हाक मारतात. जिची खबर ज्याला लागली असेल, तो तिच्यासाठी ओ देतो.

“गोदाईऽ!”

“ओ!”

“मोतीराणीऽ!”

“ओ!”

“जलकन्याऽ!”

...

बायांनी पुढचं नाव घेतलं नाही. थांबल्या. धक्क्यावर माणूस हलेना. नुसतं पाणी वाजत होतं...

निनाद गुरुजींकडं वळला.

“गुरुजी... ओ आली नाही म्हणून मी हाकच गिळली.”



तो पळतच खोलीत आला. खालची अट काढली, जॉइनच्या आत नेऊन ठेवली, म्हणजे ती निरोपांनाच लागावी, होड्यांच्या नावांना नाही. पडद्यावर जलकन्या उगवली. पुढं काहीच नाही.

लाँच सुटली. चांगुणा तिच्याकडं बघत कमरेइतक्या पाण्यात गेली, तिला कुणी अडवलं नाही.

निनाद हळूच म्हणाला, “तेवढी जागा रिकामी दिसते, गुरुजी. ‘बेपत्ता’ घालू? एका फंक्शनचं काम.”

गुरुजींनी त्याचा हात धरला. त्या रिकाम्या जागेपुढं ते उभे राहिले, गाभाऱ्यापुढं राहावं तसे.

“थांब, बाळा... तिथला शब्द त्या होडीवरच्यांचा आहे.”