हॅदरमिन्स्टरचा उंबरठा

इंग्लंडमधल्या हॅदरमिन्स्टर गावात एक जुने, मोठे चर्च आहे. त्याच्या पश्चिमेच्या दाराचा दगडी उंबरठा फिकट रंगाचा आहे, पण मधोमध हातभर काळपट डाग आहे. पाऊस आला की बाकीचा दगड भिजतो; डागावर मात्र पाणी थेंबाथेंबाने उभे राहते, आत मुरत नाही. आलेल्या पाहुण्यांना गावातली वयस्कर माणसे आधी इथेच थांबवतात आणि या डागाची हकिकत सांगतात.

फार पूर्वी इथे इंगराम नावाचे बिशप होते, म्हणजे त्या प्रांताचे मोठे धर्मगुरू. राजे त्यांचे सख्खे मामा. राज्याचा खजिना आणि मुकुट तेव्हा याच गावात असे, आणि राज्याभिषेकाचे तेलही. मुकुट काय, कुणीही डोक्यावर चढवील. पण कपाळाला ते तेल लागल्याशिवाय लोक कुणाला राजा मानत नसत. ते वर्षातून एकदाच, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, इथल्या बिशपांच्या हातून पवित्र होई.

राजाला एकच मुलगी, अवेलिन. ती समुद्रापलीकडे दिलेली. आपल्यामागे तीच गादीवर बसेल, अशी शपथ राजाने म्हातारपणी सगळ्या सरदारांकडून वेदीवर हात ठेवून घेतली. सर्वांत आधी इंगराम पुढे झाले. त्यांच्या पाठोपाठ त्यांचा धाकटा भाऊ हॅमन.

हॅमनला इंगरामनीच वाढवले होते. आईने जाताना त्याचा हात त्यांच्या हातात दिला होता. मोठेपणी तो देखणा आणि दिलदार निघाला. ज्याच्या घरी उतरे त्याच्या स्वयंपाक्याचीही विचारपूस केल्याशिवाय तो निघत नसे, म्हणे.

हिवाळ्याच्या तोंडाशी राजा वारला. समुद्र खवळलेला, अवेलिन पलीकडेच अडकलेली. अशात हॅमन माणसे घेऊन आला. मामाच्या दुःखाला आला असेल, असे समजून इंगरामनी स्वतः वेस उघडायला लावली. हॅमनने आधी खजिन्यावर पहारा बसवला, मग मुकुट ताब्यात घेतला, आणि मग भावाला भेटायला आला. येत्या रविवारी मला अभिषेक कर, म्हणाला. सरदारही त्याच्याच बाजूचे. बाईमाणूस, त्यातून परदेशात नांदणारी. तिची वाट कोण बघत बसणार?

इंगरामनी त्याला शपथेची आठवण करून दिली.

"राजासमोर सगळेच हो म्हणतात, दादा," हॅमन हसत म्हणाला. "आणि खरं सांग, माझ्याहून चांगला राजा तुला मिळणार आहे का?"

बिशपना याचेच जास्त वाईट वाटले, असे सांगतात. कारण त्याचे बोलणे खोटे नव्हते. शिवाय नाही म्हणायचे तर ज्याला अंगाखांद्यावर खेळवले त्याच्याच वाटेत आडवे पडायचे. ते दिवसभर वेदीसमोर बसून राहिले. जेवलेही नाहीत.

रविवारी चर्च माणसांनी भरून गेले. हॅमन मुकुट घेऊन पश्चिमेच्या दाराशी आला. खजिन्याला त्याने पहारा ठेवला होता, मुकुटाला ठेवला होता. तेलाच्या कुपीला पहारा ठेवायचे त्याला सुचलेच नाही. ती तर दादाकडे होती.

इंगराम चांदीची कुपी घेऊन उंबरठ्याशी उभे होते. भाऊ जवळ आला तसे ते हळू आवाजात म्हणाले, "हॅमन, ती शपथ मामांना दिली नव्हती रे. देवाला दिली होती." आणि त्यांनी कुपी उपडी केली.

सगळे तेल दगडावर सांडले. काही सरदार गुडघे टेकून बोटांनी ते निपटायला धावले. पण हातातले तेल धुळीने माखले होते, ते कपाळाला लावायला कुणी धजले नाही. नवे तेल आता ईस्टरच्या वेळीच.

हॅमनने भावाला चर्चच्या मनोऱ्यात कोंडले. तो हिवाळा फार कडक होता, म्हणे. थंडीने बिशपांच्या पायांची बोटे गेली. हॅमन मधूनमधून वर येई. दादा, एवढा एक शब्द दे, ईस्टरला तरी अभिषेक करीन म्हण, अशी विनवणी करी. जाताना आपली घोंगडी तिथेच ठेवून जाई. इंगराम घोंगडी घेत, शब्द देत नसत.

इकडे तेल न लागलेल्या राजाचा हुकूम सरदार मनापासून मानेनात. ज्यांनी शपथ मोडली होती त्यांना ती आता रोज आठवू लागली. एकेक जण काही ना काही निमित्त काढून घरी गेला. वसंतात समुद्र शांत झाला आणि अवेलिन किनाऱ्याला उतरली, तेव्हा हॅमनजवळ लढायला माणसेच उरली नव्हती. मनोऱ्याचे कुलूप त्याने स्वतःच्या हाताने काढले.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी इंगरामनी नवे तेल पवित्र केले आणि ईस्टरला अवेलिनला अभिषेक केला. काय हवे ते मागा, राणी म्हणाली. त्यांनी भावाचा जीव मागितला. राणीने तो दिला, पण हॅमनने अनवाणी देश सोडायचा, परत यायचे नाही, असे फर्मावले.

हॅमन निघाला तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी होती. कालपर्यंत त्याचा जयजयकार करणाऱ्यांनी पाठ फिरवली. तेवढ्यात बिशपनी पायांतले जोडे काढले आणि अधू पायांनी ते त्याच्या शेजारी चालू लागले.

"तू कशाला येतोस?" हॅमन म्हणाला. "तूच तर मला इथवर आणलंस."

"म्हणूनच," इंगराम म्हणाले.

गाव सोडून नदीच्या उतारापर्यंत दोघे गेले. पुढे हॅमन एकटाच पाण्यात उतरला. तो दिसेनासा होईपर्यंत बिशप काठावर उभे होते.

आजही त्या गुरुवारी तेलाला आशीर्वाद दिला की हॅदरमिन्स्टरचे बिशप जोडे काढतात. त्या वर्षी तुरुंगातून सुटून आलेला, घरच्यांनी दार न उघडलेला असा कुणी असेल, तर त्याला हाताशी धरतात आणि भर गावातून त्याच्याबरोबर नदीपर्यंत चालत जातात. त्या वाटेवर कुणी पाठ फिरवत नाही.