पारंब्यांना टांगलेल्या ढाली

एका डोंगराळ जंगलात एक साळिंदर राहत असे. ते जंगलाच्या पहारेकरी दलात होते आणि कामात कधी कसूर करत नसे. पण दरवर्षी पहारेकऱ्यांच्या धावण्याची परीक्षा जवळ आली, की बिचारे काळजीत पडे. वडाच्या झाडापासून टेकडीवरच्या खडकापर्यंत धावायचे, एवढेच काम. सगळे पहारेकरी आपले पट्टे, ढाली, काठ्या वडाच्या पारंब्यांना टांगून ठेवत आणि मोकळ्या अंगाने सुसाट सुटत. साळिंदराच्या काट्यांचा भारा मात्र पाठीवरच उगवलेला! तो कुठे टांगणार? त्यामुळे त्याचा नंबर कायम शेवटचा.

या वर्षी दलप्रमुख हत्तीने त्याला बाजूला बोलावले. "हे बघ गड्या, यंदाही शेवटचा आलास, तर मला तुला दलातून काढावे लागेल."

ससा फिदीफिदी हसत म्हणाला, "दादा, काटे घरी ठेवून यायचे होते!"

साळिंदराला फार वाईट वाटले. पहारा सुटला तर आपण करणार तरी काय, या विचाराने त्याचे डोळे भरून आले. तरी ते धावू लागले.

ससा खडकापाशी पहिला पोहोचला आणि जागीच थिजला. एक तरस हरणाच्या पाडसांना कोपऱ्यात कोंडून उभे होते! तेवढ्यात मागून कोल्हा आला. "ढाल कुठाय तुझी?" त्याने विचारले. "वडाला!" ससा म्हणाला, आणि दोघेही आल्या पावली खाली पळत सुटले. वाटेत त्यांना धापा टाकणारे साळिंदर भेटले.

"अरे, मागे फिर! वर तरस आलंय!" ससा किंचाळला.

"मग मागे कशाला फिरू?" असे म्हणून साळिंदर तसेच वर चढले. खडकापाशी पोहोचताच त्याने पाठ वळवली, काटे फुलवले आणि ते खुळखुळ वाजवत उलट्या पावलांनी तरसावर चालून गेले. नाकात दोन काटे घुसताच तरस केकाटत जे पळाले, ते थेट नदीपार!

इतर पहारेकरी ढाली घेऊन येईपर्यंत पाडसे साळिंदराभोवती नाचत होती. हत्ती सर्वांसमोर म्हणाला, "चूक माझी. संकटात जे अंगावर हवे, तेच उतरवून मी तुमची परीक्षा घेत होतो."

पुढच्या वर्षी सगळे पट्टे, ढाली आणि काठ्यांसकट धावले. ससा ढालीत पाय अडकून गडगडला, कोल्ह्याची जीभ बाहेर आली, आणि साळिंदर आपल्या नेहमीच्याच चालीने सर्वांत आधी खडकावर जाऊन उभे राहिले. जंगलभर त्याचा जयजयकार झाला. त्यात सर्वांत मोठा आवाज सशाचा होता.

तात्पर्य : जे ओझे घेऊन काम करायचे, ते अंगावर असतानाच आपली कुवत जोखावी.