भेगेतली कालवं

शाळेत न गेलेल्या बाईला अडाणी म्हणणाऱ्यांनी ही पोशीची गोष्ट जरूर ऐकावी.

शिडाच्या गलबतांचे ते शेवटचे दिवस. विसाजी शेटचं गलबत खाडीच्या तोंडाशी बुडालं, दोन खलाशी गेले. तिसऱ्या दिवशी ओहोटीला सांगाडा उघडा पडला, तेव्हा बंदराच्या अंमलदारांनी तिथेच चौकशी मांडली.

"गलबत भक्कम होतं," शेट म्हणाला. "या धाकलू तांडेलानं ते खडकावर घातलं, म्हणून फळी फाटली. याच्या हाती पुन्हा सुकाणू देऊ नका."

"खडक लागलाच नाय, साहेब. भेग जुनीच होती," धाकलू म्हणाला. पण त्याचं ऐकतो कोण?

त्याची बायको पोशी जन्मभर खडकांना चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं, कोयत्यानं काढणारी. ती वाकून फळी बघू लागली.

"ए कालववाली, तुला गलबतातलं काय कळतं?" शेट हसला.

"काय नाय, शेट. मला कालवंच कळतात. ही भेगेच्या आत चिकटलीत, अंगठ्याएवढी. इतकं वाढायला महिनेच्या महिने लागतात. भेग परवा पडली, तर ही आधीच येऊन कुठं बसली होती?"

अंमलदारांनी भेगेत बोट घातलं आणि शेटकडे पाहिलं. सुकाणू धाकलूकडेच राहिलं.

पोशीनं त्या दिवशी भेगेतल्या कालवांवर कोयता चालवला नाही. म्हणाली, "राहू देत. बुडालेल्या खलाशांच्या दोन घरांसाठी अजून साक्ष द्यायचीय त्यांना."