पांढऱ्या दगडापलीकडे

खूप जुनी गोष्ट आहे. एका राज्याच्या टोकाला, रानाला खेटून एक गाव होतं. रानातली डुकरं शेतात घुसायची आणि उभं पीक लोळवायची. म्हणून गावानं एक शिकारी ठेवला होता. त्याच्याकडे ठासणीची बंदूक होती, पिळदार मिशा होत्या आणि गावभर नाव होतं. त्याचा नेम कधी चुकत नाही, असं लोक म्हणायचे. तोही म्हणायचा, आणि जरा जास्तच वेळा म्हणायचा.

त्या गावची एक रीत होती. पीक भरात येण्याआधी शिकाऱ्यानं वेशीत उभं राहून मडकी फोडायची. आधी जवळचं, मग बांधावरचं, मग पार लांब चिंचेखालचं. जिथपर्यंत एकही बार फुकट जात नाही, तिथं चुन्यानं रंगवलेला दगड ठेवायचा. त्या दगडापलीकडे जनावर दिसलं, तरी बार काढायचा नाही.

आपल्या शिकाऱ्याचा दगड कित्येक वर्षं चिंचेखाली होता. अलीकडे मात्र त्यानं परीक्षा दिलीच नव्हती. "उगाच चांगली मडकी कशाला फोडायची?" असं म्हणून तो टाळायचा. खरं कारण त्याच्या बायकोला ठाऊक होतं.

"काल दारातल्या बोकडाला तुम्ही 'या, बसा' म्हणालात," ती म्हणाली.

शिकारी तिच्यावर डाफरला, पण आतून घाबरला. नेम गेला तर आपल्याला विचारणार कोण?

त्या वर्षी म्हातारा कुंभार हटून बसला. "मडकी माझी आहेत, फुटली तर माझी फुटतील. तू उभा राहा बघू."

जवळचं मडकं फुटलं. बांधावरचंही फुटलं. चिंचेखालचं तसंच राहिलं. शिकाऱ्यानं पुन्हा दारू ठासली, पुन्हा बार काढला. मडकं ढिम्म हललं नाही. कुणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. कुंभारानं दगड उचलून बांधावर आणून ठेवला.

मग शिकारी रोज सकाळी सराव करू लागला, कधी जवळून, कधी लांबून. बांधापर्यंत त्याचा हात पहिल्यासारखाच होता. त्यापुढं नुसती दारू जळायची. कुंभाराशी त्यानं बोलणं टाकलं.

एकदा दिवस मावळताना ओरडा झाला, "डुक्कर आलं, चिंचेखाली डुक्कर आलं!" सारे वेशीकडे धावले. चिंचेखाली एक काळी पाठ हलत होती, माती उकरत होती. शिकाऱ्यानं बंदूक खांद्याला लावली.

"मार की," पाटील म्हणाले. "इतकं सोपं निशाण पुन्हा मिळायचं नाही."

एक बार काढला की गेलेलं नाव परत येणार होतं. कुंभाराला दाखवून द्यायचं होतं ते वेगळंच. त्यानं चापावर बोट टेकवलं. पण पांढरा दगड अलीकडे होता आणि काळी पाठ पलीकडे. त्यानं बंदूक खाली घेतली.

"माझ्या टप्प्यात नाही. जवळ जातो."

"तोवर पळून जाईल ते."

"गेलं तर गेलं," असं म्हणून तो चालू लागला.

तो बांधाशी पोचला, तेवढ्यात ती काळी पाठ सरळ झाली, तिनं अंगावरचं घोंगडं झटकलं आणि ती खोकली. तो कुंभार होता. मडक्यांसाठी चिकणमाती खणत होता.

शिकारी बांधावर मटकन बसला. कुंभार लगबगीनं जवळ आला. "काय रे, इतका घाम का फुटलाय तुला?"

शिकाऱ्यानं म्हाताऱ्याचे मातीनं भरलेले हात घट्ट धरले आणि रडू लागला. रडता रडता हसायलाही लागला. देवा, वाचलो, एवढंच त्याच्या मनात होतं.

मागून पाटील आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "बरं झालं बाबा, थांबलास. तसा इतक्या लांबून तुझा नेम चुकलाच असता म्हणा."

"चुकला असता तर ठीक," शिकारी म्हणाला. "आणि लागला असता तर?"

पुढं परीक्षेसाठी शिकाऱ्याला कधी बोलवावं लागलं नाही. दगड हळूहळू वेशीकडे सरकत राहिला आणि गाव शिकाऱ्याच्या भरवशावर निवांत झोपत राहिलं.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनोही, ज्याच्या हाती शस्त्र आहे त्यानं आपली गोळी कुठवर जाते हे पाहण्याआधी आपली नजर कुठं संपते, हे ओळखावं.