सक्तीचा तास

"मग सक्ती करू की नको, दादा?"

हेडमास्तर विद्याधर परबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

भिवा गवस ओसरीवर सुंभ वळत बसले होते. दशावतारात चाळीस वर्षं त्यांनी बायकांची कामं केली. परबांना लहानपणी बोलायला त्यांनीच शिकवलं. पुढे परबांनी वक्तृत्वाच्या इतक्या ढाली जिंकल्या, की घरात भिंत पुरेना.

उद्या शाळेत ठराव होता: नाटक आणि भाषणाचा तास सर्वांना सक्तीचा. पण पहिल्याच चाचणी तासाला आठवीतली रेश्मा व्यासपीठावर मुकी उभी राहिली, आणि तेव्हापासून आठ दिवस शाळेत फिरकली नाही. ठरावाआधी परब तिच्या घरी जाणार होते.

"बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, दादा! माझं काय चुकलं?"

"त्या चेडवाक, रेश्माक, काय सांगतलंस?"

"समजावीन."

"समजाव तर. मी ता चेडू."

भिवांनी पंचा पदरासारखा डोक्यावर घेतला, अंग चोरलं, मान खाली घातली. सत्तरीचा म्हातारा गेला कुठे, कळलंच नाही. समोर एक भेदरलेली पोर बसली होती.

परब उठून उभे राहिले. घसा साफ केला.

"प्रिय विद्यार्थिनी..."

झकास बोलले. धीटपणावर बोलले, आत्मविश्वासावर बोलले. टाळीच्या जागी सवयीने थांबलेसुद्धा.

पोर गप्प...

"पटतंय ना?"

गप्प.

"अगं, काहीतरी बोल की!"

...

परबांनी आणखी दोन वाक्यं जोडून पाहिली. मग तीही संपली. इतकी शांतता त्यांना फक्त घरीच माहीत होती. बायको जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासूनची. त्यांना एकदम फार एकटं वाटलं, आणि ते मटकन पोरीसमोर खाली बसले.

"घराक गेलंय काय, बोलूक कोण नाय," ते म्हणाले. मालवणी त्यांच्या तोंडून कित्येक वर्षांनी आली. "रोज भिंतीसमोर भाषण करतंय."

...

भिवांनी पंचा तसाच ठेवला. मान तेवढी हळूच वर केली.

"सर... आता मी बोलू?"